एकाच अंगात दोन खेळ

दिंडोरी तालुक्यातल्या शालेय क्रीडा स्पर्धा मैदानाच्या कडेला उभं राहून ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. सकाळी खो-खोचा सामना काढून देणारी मुलगीच दुपारी पंधराशे मीटरला पहिली येते आणि लांब उडीतही तिचंच नाव पुकारलं जातं. शाळेतले सर म्हणतात, "पोरीच्या अंगातच आहे." घरचेही तेच म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

पण अंगात आहे म्हणजे नेमकं काय आहे? खो-खोचं मैदान सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद. त्यात सलग सरळ पळायला मिळतं ते दोन खांबांच्या मधलं अंतर, तेही क्वचित. मग पंधराशे मीटर न थांबता पळायचा दम तिच्यात आला कुठून? आणि एवढा दम असेल, तर चार वर्षांनी ती मुलगी दोन्ही खेळांत का दिसत नाही? पुष्कळदा तर एकाही खेळात दिसत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शरीरात आहे. दुसऱ्याचं उत्तर वेळापत्रकात आणि पोटापाण्याच्या हिशेबात आहे.

मोहीची ललिता

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मोही नावाचं गाव आहे. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. या गावच्या ललिता बाबरने खेळायला सुरुवात केली ती खो-खोपासून. पुढे ती लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळली आणि २००५ साली राष्ट्रीय पातळीवर वीस वर्षांखालच्या गटात पदक मिळवलं. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं पहिला क्रमांक काढला.

एवढ्यावर ती थांबली असती तरी नाव झालंच असतं. पण तिने आणखी एक वळण घेतलं: तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण आणि त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवा क्रमांक. ऑगस्ट २०१६मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंद ही वेळ दिली आणि राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत ती दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकमधल्या धावण्याच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीत भारतीय खेळाडू उभी होती. ललिताचा तो विक्रम २०२३पर्यंत टिकला.

सत्तावीस मीटरच्या मैदानावर तयार झालेली मुलगी बेचाळीस किलोमीटर पळते आणि मग अडथळ्यांवरून उड्या मारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत जाते. नशीब आणि जिद्द होतीच. पण या प्रवासामागे शरीराचं एक शास्त्रही आहे, आणि ते समजायला अवघड नाही.

खुंट आणि काडी

दिंडोरीच्या वाचकाला हे द्राक्षाच्या भाषेत सांगितलं तर पटकन कळेल. आपल्याकडे बाग लावताना बहुतेक जण आधी डॉगरिजचा खुंट लावतात आणि त्यावर हव्या त्या वाणाची काडी भरतात. जमीन, पाणी, क्षार यांच्याशी झुंजायचं काम खुंटाचं. घड कसा येणार हे काडीवर ठरतं. वाण बदलायचा झाला तरी मुळं उपटावी लागत नाहीत, त्याच खुंटावर नवी काडी भरता येते.

खेळाडूच्या शरीरातही असे दोन थर असतात. हृदय, फुफ्फुसं, रक्त, हाडांची घनता, स्नायूंची ताकद आणि तोल हा खालचा थर कोणत्याही खेळाला उपयोगी पडतो. खो-खोतलं सूर मारणं, टेनिसची सर्व्हिस किंवा अडथळ्यावरची उडी हा वरचा थर. तो त्या त्या खेळापुरता असतो आणि प्रत्येक वेळी नव्याने शिकावा लागतो. दोन खेळांत चमकणाऱ्या खेळाडूचा खालचा थर फार भक्कम असतो आणि वरचा थर शिकायची त्याची गती जास्त असते. 'अंगातच आहे' म्हणतात ते हेच. त्यातला काही भाग जन्माने मिळतो. बराचसा मात्र आठ ते पंधरा या वयात पळून, उड्या मारून, पडून, धडपडून कमावलेला असतो.

आखूड धावांतून लांब दम

आता पहिल्या कोड्याकडे येऊ. स्नायूला जोरात आणि झटपट काम करायचं असेल, तर तो आधी स्वतःजवळ साठवलेली तयार ऊर्जा वापरतो. हा साठा काही सेकंदच पुरतो. खो-खोत पाटीवरून उठून गड्याच्या मागे सुटलेली मुलगी चार-पाच सेकंद जीव खाऊन पळते, खो देते आणि बसते. बसल्यावर तिचं शरीर विश्रांती घेत नाही. रिकामा झालेला साठा भरून काढण्याचं काम लगेच सुरू होतं, आणि त्या कामाला प्राणवायू लागतो. म्हणून बसलेल्या मुलीची छाती भात्यासारखी हलत असते. पुढच्या क्षणी पुन्हा खो मिळतो. नऊ मिनिटांच्या डावात हे चक्र पुन:पुन्हा फिरतं. बचावाला उतरलेल्या तिघींना तर बसायलाही मिळत नाही. हुलकावणी, पलटी, साखळी, पुन्हा हुलकावणी असं बाद होईपर्यंत चालूच.

म्हणजे दिसायला आखूड धावांचा हा खेळ आतून दमाचा खेळ आहे. त्याचा मोठा परिणाम होतो तो हृदयावर. माणसाच्या हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात, ते बरंचसं वयावर ठरतं. सरावाने तो आकडा फारसा वाढत नाही. वाढतं ते दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त. साधारण प्रौढ माणसाचं हृदय विश्रांतीच्या वेळी दर ठोक्याला सुमारे सत्तर मिलिलीटर रक्त ढकलतं. वर्षानुवर्षं दमाचे खेळ खेळणाऱ्याच्या हृदयाचे कप्पे मोठे होतात, भिंती बळकट होतात आणि तेवढ्याच ठोक्यांत कितीतरी जास्त रक्त स्नायूंपर्यंत पोहोचतं. स्नायूंतही बदल होतो. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमध्ये प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात, त्यांची संख्या वाढते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. मोठं झालेलं हृदय प्रत्येक खेळाच्या कामी येतं, कारण ते साऱ्या शरीराचं आहे. रक्तवाहिन्यांचं जाळं आणि तंतुकणिका मात्र वापरलेल्या स्नायूंतच वाढतात. म्हणून उत्तम पोहणारा पहिल्या दिवशी पळायला लागला, तर त्याची छाती दमत नाही, पोटऱ्या दुखतात. खो-खो आणि धावणं या दोन्हींत तेच पाय वापरले जातात, म्हणून खो-खोपटूला धावपटू होताना हृदय आणि स्नायू या दोहोंचा फायदा मिळतो.

अडथळे आणि पाटी

स्टीपलचेसच्या तीन हजार मीटरमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या असतात. महिलांचा अडथळा ७६.२ सेंटिमीटर उंच. हा साधा हर्डल नव्हे. हर्डलला पाय लागला तर तो पडतो. स्टीपलचेसचा अडथळा जड लाकडी तुळईचा असतो, तो जागचा हलत नाही. पाय लागला तर धावणारीच पडते. पाणउडीला अडथळ्यापलीकडे पाण्याचा हौद असतो. त्यावर बहुतेक जणी अडथळ्यावर एक पाय टेकवून झेप घेतात आणि एका पायावर पाण्यात उतरतात. पस्तीस वेळा लय मोडते आणि पस्तीस वेळा ती पुन्हा पकडावी लागते. नुसती पळणारी इथे मार खाते, आणि नुसती उड्या मारणारीही.

आता खो-खोचा सराव आठवा. पाटीवर बसलेल्या खेळाडूंची तोंडं आळीपाळीने विरुद्ध दिशांना असतात. खो मिळाला की उकिडव्या स्थितीतून कधी उजवा पाय टाकून उठायचं, तर कधी डावा. त्यामुळे दोन्ही पाय सारखे तयार होतात. स्टीपलचेसमध्ये हाच गुण लागतो: घोळक्यात धावताना अडथळा ज्या क्षणी समोर येईल त्या क्षणी जो पाय पुढे असेल, त्यावरच झेप घ्यावी लागते. ज्यांचा एकच पाय तयार असतो, त्या प्रत्येक अडथळ्याआधी पावलं जुळवत बसतात आणि सेकंद घालवतात.

दुसरा गुण थांबण्याचा. भरधाव वेगात पळताना एकदम थांबणं किंवा वळणं म्हणजे मांडीच्या स्नायूंनी ताणले जात असताना ताकद लावणं. उतारावरून उतरताना मांड्या भरून येतात त्या याच कामामुळे. खो-खोत खांबाला वळसा घालताना आणि हुलकावणी देताना हे शेकडो वेळा होतं. पाण्यात एका पायावर उतरताना सारा भार पेलायचा असतो तोही याच स्नायूंनी. तिसरी गोष्ट टाचेमागच्या जाड कंडरेची. पाय जमिनीवर पडला की ती ताणली जाते आणि सुटताना ती ऊर्जा परत देते. लहानपणी अनवाणी किंवा साध्या बुटांत मातीवर भरपूर उड्या मारलेल्या मुलांची ही कंडरा कणखर होते, आणि कणखर कंडरा पळताना प्रत्येक पावलाला थोडी शक्ती वाचवते.

ललिताच्या यशाचं सारं श्रेय खो-खोला देणं चुकीचं ठरेल. मधली कितीतरी वर्षं तिने लांब पल्ल्याचा कठोर सराव केला होता. पण मोहीतल्या मातीवर घडलेले पाय तिच्या कामी आले असणार, असं माझं ठाम मत आहे.

जे सोबत येत नाही

सगळंच एका खेळातून दुसऱ्यात जात असतं, तर प्रत्येक चांगला खेळाडू सर्व खेळांत चांगला झाला असता. तसं होत नाही. का होत नाही, हे नंदू नाटेकरांच्या उदाहरणावरून चांगलं कळतं.

नाटेकर सांगलीचे, जन्म १९३३चा. तरुणपणी ते टेनिस खेळत आणि १९५१-५२च्या राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले होते. तिथे समोर होते रामनाथन कृष्णन, जे पुढे दोनदा विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले. नाटेकर हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५३मध्ये, विशीत, ते भारताकडून खेळले. १९५४मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपउपांत्य फेरीत पोहोचले. १९५६मध्ये मलायातली सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. परदेशातली आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव होतं.

बाहेरून दोन्ही खेळ भावंडांसारखे वाटतात: जाळी, रॅकेट, समोर एक प्रतिस्पर्धी. पण वजनं पाहा. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा, बॅडमिंटनचं फूल जेमतेम पाच ग्रॅमचं. टेनिसची रॅकेट आजही तीनशे ग्रॅमच्या आसपास असते. बॅडमिंटनची शंभर ग्रॅमही भरत नाही. जड चेंडू वेगाने रॅकेटवर आदळतो तेव्हा मनगट ढिलं असेल तर रॅकेट मागे ढकलली जाते, म्हणून टेनिसमध्ये मनगट घट्ट धरून खांदा आणि कंबर फिरवून फटका मारतात. फुलाला तसा जोर नसतो. तिथे शेवटच्या क्षणी कोपरापासून पुढचा हात गरकन फिरवायचा असतो, आणि ढिलं मनगट तिथे गुण ठरतं. म्हणजे टेनिसमध्ये अंगवळणी पडलेली सवय बॅडमिंटनमध्ये आडवी येते. मेंदूला जुनी सवय दाबून नवी बसवावी लागते, आणि ते काम कोऱ्या पाटीवर शिकण्यापेक्षा कधीकधी कठीण असतं.

मग नाटेकर दोन वर्षांत इतके पुढे कसे गेले? सोबत आलेला मोठा गुण डोळ्यांचा असणार. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातले संशोधक ब्रूस अ‍ॅबरनेथी यांनी बॅडमिंटनपटूंना फटक्यांच्या चित्रफिती दाखवल्या, त्यातला काही भाग झाकला आणि फूल कुठे पडेल ते विचारलं. नवखे खेळाडू फक्त रॅकेट पाहून अंदाज बांधत. मुरलेले खेळाडू त्याआधीच प्रतिस्पर्ध्याच्या हाताच्या हालचालीवरून दिशा ओळखत. समोरच्याचं शरीर वाचायची ही विद्या मिळत्याजुळत्या खेळांत बऱ्यापैकी सोबत येते. नाटेकरांना ती टेनिस कोर्टावर मिळाली असावी, आणि पुढे त्यांनी ती उलटी वापरून समोरच्याला फसवलं. हात एकीकडे, फूल दुसरीकडे, ही त्यांची ख्याती होती.

*चौकट: एका खेळातून दुसऱ्यात काय जातं?*

*जवळजवळ पूर्ण जातं:* हृदयाची क्षमता, हाडांचा आणि कंडरांचा कणखरपणा, सरावाची शिस्त, हार पचवण्याची सवय.

*अर्धंमुर्धं जातं:* प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखणं, मोकळी जागा हेरणं, स्नायूंचा दम. दोन खेळ जितके जवळचे, तितकं जास्त.

*जात नाही:* फटक्याचं, फेकीचं, पकडीचं नेमकं तंत्र. काही वेळा जुनं तंत्र नव्याला अडवतं.

कोरड्या गावचा नावाडी

आपल्या भागातलं उदाहरण द्यायचं तर दत्तू भोकनळचं द्यावं लागेल. त्याचं गाव तळेगाव रोही चांदवड तालुक्यात आहे, आणि लोकसभेच्या नकाशावर ते दिंडोरी मतदारसंघातच येतं. पाण्याची टंचाई असलेल्या या गावात दत्तू वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जायचा. पेट्रोल पंपावरही त्याने काम केलं. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला आणि पुण्यात त्याच्या हाती नौकानयनाची वल्ही आली. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटत होती. चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेच्या शर्यतीत उतरला आणि तेरावा आला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत त्याने सुवर्णपदक मिळवलं.

त्याचा पहिला खेळ कोणता म्हणाल, तर मजुरी. नौकानयन हा हातांचा खेळ आहे असा आपला समज असतो. प्रत्यक्षात नौकेतली बैठक रुळांवर मागेपुढे सरकते आणि जोराचा मोठा वाटा पाय देतात. मग कंबर आणि पाठ, आणि शेवटी हात. दगड फोडताना, विहिरीतून माती वर काढताना हीच साखळी वापरली जाते. त्यात सहा फुटांहून जास्त उंची असल्याने वल्ह्याचा फेर लांब. दोन हजार मीटरच्या शर्यतीला खालचा थर तयारच होता. सैन्याने त्यावर वरचा थर चढवला.

ही गोष्ट सांगताना एक काळजी घ्यायला हवी. गरिबी आणि कष्ट खेळाडू घडवतात, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. कष्टासोबत पोटभर अन्न आणि झोप मिळाली तरच शरीर बांधलं जातं. नाही तर तेच कष्ट शरीर झिजवतात. दत्तूला सैन्यात पूर्ण आहार, प्रशिक्षक आणि नौका मिळाली. तशीच अंगकाठी असलेली किती मुलं या भागात द्राक्षांच्या छाटणीवर आणि खुडणीवर राबून संपत असतील, या विचाराने जीव तुटतो.

खालचा थर किती टिकाऊ असतो, याचा कमालीचा दाखला ईश्वरपूरजवळच्या (पूर्वीचं इस्लामपूर) पेठचे मुरलीकांत पेटकर. ते सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुष्टियुद्ध संपलं, पण खांदे, दंड आणि छाती कमावलेली होती. ते पोहायला लागले आणि १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. भारताचं ते पहिलं वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण.

मग दोन्ही खेळ का टिकत नाहीत?

शरीराची तयारी असूनही दोन खेळ एकत्र चालत नाहीत, कारण वर्षात महिने बाराच असतात. अमेरिकेत शाळा-महाविद्यालयांचे खेळ ऋतूंनुसार वाटलेले आहेत: शरदात अमेरिकन फुटबॉल, हिवाळ्यात बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल आणि मैदानी शर्यती. त्यामुळे तिथे एकच विद्यार्थी दोन खेळांत महाविद्यालयाकडून उतरतो आणि दोन्हींत पुढे जाऊ शकतो. बो जॅक्सन हे त्याचं गाजलेलं उदाहरण. ऑबर्न विद्यापीठात असताना १९८५ साली त्याला महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च असा हाइझमन पुरस्कार मिळाला. पुढे तो कॅन्सस सिटी रॉयल्सकडून बेसबॉल आणि लॉस एंजेलिस रेडर्सकडून फुटबॉल असे दोन्ही खेळ व्यावसायिक पातळीवर खेळला. बेसबॉलचा हंगाम संपला की तो फुटबॉल संघात दाखल व्हायचा. म्हणजे इतर खेळाडू ज्या महिन्यांत शरीराला विसावा देत, त्या महिन्यांत हा दुसरा खेळ खेळत होता. जानेवारी १९९१मध्ये फुटबॉलच्या सामन्यात त्याच्या खुब्याला इजा झाली, सांध्याचा रक्तपुरवठा तुटला आणि हाड निकामी झालं. फुटबॉल कायमचा संपला. कृत्रिम खुबा बसवून तो १९९३मध्ये बेसबॉलला परतला, हे मात्र थक्क करणारं आहे.

ऑस्ट्रेलियाच्या एलिस पेरीने २००७ साली, सोळाव्या वर्षी, क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत देशाकडून पदार्पण केलं. २०११च्या फुटबॉल विश्वचषकात तिने स्वीडनविरुद्ध गोलही केला. पण दोन्ही खेळ पूर्णवेळ व्यावसायिक होत गेले, तारखा एकमेकींवर आदळू लागल्या आणि अखेर तिने क्रिकेट निवडलं.

आपल्याकडे मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जची गोष्ट तशीच आहे. ती महाराष्ट्राच्या सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या संघांतून हॉकी खेळत होती आणि त्याच वेळी मुंबईकडून क्रिकेटही. २०१७मध्ये एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात तिने सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ धावा काढल्या. निवड करायची वेळ आली तेव्हा तिने बॅट घेतली. ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ धावा केल्या आणि भारताने ३३९ धावांचं लक्ष्य गाठलं. कमरेत वाकून, चेंडूच्या रेषेत खाली जाऊन मारलेला तिचा स्वीप पाहताना मला तरी हॉकीचं मैदान दिसतं.

गावाकडे दुसरी अडचण पैशाची. अर्जुन पुरस्कार मिळाला तरी घर चालतं ते नोकरीवर. ललिताने रेल्वेत नोकरी केली, पुढे राज्य शासनाने तिला उपजिल्हाधिकारी पद दिलं. दत्तूला सैन्याने उभं केलं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी प्रमाणपत्र कोणत्या खेळाचं आणि कोणत्या पातळीचं, याला महत्त्व असतं. खो-खोला तर फार काळ वरची शिडीच नव्हती. अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग पुण्यात सुरू झाली ती २०२२मध्ये, तीही पुरुषांची. पहिला खो-खो विश्वचषक जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झाला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर या महाराष्ट्रातल्या कर्णधारांनी महिला आणि पुरुष अशी दोन्ही विजेतेपदं भारताला मिळवून दिली. ललिता शाळेत होती तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ऑलिंपिक गाठायचं तर तिला खेळ बदलावाच लागला असता.

केव्हा निवडायचं

आजकाल तालुक्याच्या गावांतही सात-आठ वर्षांच्या मुलांना एकाच खेळाच्या अकादमीत घालायची घाई दिसते. जिम्नॅस्टिक्स आणि पाण्यात सूर मारण्याच्या उड्या यांसारख्या मोजक्या खेळांना लहानपणीच सुरुवात लागते. बाकी बहुतेक खेळांत ही घाई नुकसान करते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ पट्टा असतो, तिथूनच हाड लांबतं. रोज तीच फेक, तोच फटका, तीच उडी झाली की त्या एकाच पट्ट्यावर ताण साचतो. खेळ बदलला की ताणाची जागा बदलते. म्हणून क्रीडावैद्यकातले लोक एक ढोबळ ठोकताळा सांगतात: मुलाचं वय जितकी वर्षं, आठवड्यात संघटित खेळाचे तास त्याहून जास्त नसावेत, आणि वर्षातले काही महिने मुख्य खेळापासून सुट्टी असावी. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत दोन-तीन खेळ खेळलेला मुलगा मागे पडत नाही. ब्रिटनच्या हेलन ग्लोव्हरने तर २००८ साली, विशी उलटल्यावर, पहिल्यांदा वल्ही हातात घेतली आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचं सुवर्ण जिंकलं. इतर खेळांतल्या उंच खेळाडूंना शोधून काढणाऱ्या एका मोहिमेत ती सापडली होती.

अशी शोधमोहीम दिंडोरीत करायला मोठा खर्च लागत नाही. एक फीतपट्टी, एक स्टॉपवॉच आणि एक वही पुरते. जागेवरून लांब उडी, तीस मीटर धाव आणि वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये वाढत्या वेगाने येरझाऱ्या घालण्याची चाचणी वर्षातून दोनदा घेऊन आकडे लिहून ठेवले, तर कोणाचा खालचा थर भक्कम आहे ते दोन वर्षांत कागदावर दिसतं. सोबत मुलींचं हिमोग्लोबिन तपासायलाच हवं. रक्तात लोह कमी असेल तर हृदय कितीही मोठं झालं तरी स्नायूंपर्यंत पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही, आणि आश्रमशाळांतल्या किती मुली केवळ एवढ्यासाठी 'दमछाक होते' म्हणून खेळातून बाहेर काढल्या जातात, याचा विचार शिक्षकांनी जरूर करावा.

शालेय स्पर्धांचे प्रवेशअर्ज साधारण पावसाळ्यात भरले जातात. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना आणि आईवडिलांना माझी विनंती एवढीच आहे: खो-खोच्या संघात चांगली पळणारी मुलगी असेल, तर यंदा तिचं नाव आठशे किंवा पंधराशे मीटरच्या यादीतही घाला, आणि तिची वेळ वहीत लिहून ठेवा.